माप दुकानाचे, सदरा आपल्या अंगात



रंगनाथस्वामींच्या जत्रेत बैल घ्यायला गेलेला वणी तालुक्यातला शेतकरी काय काय पाहतो? दात मोजतो. खूर उचलून पाहतो. वशिंडावर हात फिरवतो, दहा पावले चालवून पाहतो. बैल कोणाच्या दावणीचा, काळ्या जमिनीत राबला की बरडात, हे विचारतो आणि मगच सौद्याला बसतो. तोच शेतकरी रोहिणी नक्षत्रात कृषी केंद्रात जातो आणि पाकिटावरचे टपोऱ्या बोंडांचे चित्र पाहून वर्षाचा सौदा दोन मिनिटांत उरकतो. बैल चुकला तर पुढच्या बाजारात विकता येतो. बियाणे चुकले तर वर्ष जाते.

यात शेतकऱ्याची चूक काढायला आम्ही बसलो नाही. पाकिटाला दात नसतात, खूर नसतात. आत काय आहे, ते कोणत्या जमिनीसाठी बनवले, किती दिवसांत संपते, हे कळायला मार्गच ठेवलेला नाही. म्हणून या पानावर आम्ही एकच गोष्ट उलगडून सांगणार आहोत. कपाशीचे जे झाड आज आपल्या वावरात उभे राहते, त्याचे माप कोणी आणि कोणाच्या अंगावरून घेतले?

आपण भाबडेपणाने समजतो की वस्तू वापरणाऱ्याच्या गरजेतून घडते. तसे सहसा होत नाही. वस्तू विकायला सोपी हवी, बनवायला परवडायला हवी आणि पोचवायला सोयीची हवी. ही तीन मापे आधी घेतली जातात. वापरणाऱ्याचे माप चौथे, तेही कापड उरले तर. पूर्वीचा रसाळ, पातळ सालीचा टमाटा बाजारातून गेला आणि जाड सालीचा, दगडासारखा टमाटा आला. तो खाणाऱ्याच्या जिभेने निवडला नाही, तो ट्रकने निवडला. बियाण्याचेही तसेच झाले आहे. फरक एवढाच की बेचव टमाट्याने कोणाचे दिवाळे निघत नाही.

टेबलाभोवती कोण बसले होते?

आम्ही २००२ साली कृषी पदवी घेऊन बाहेर पडलो. त्याच वर्षी मार्च महिन्यात देशात बीटी कपाशीच्या पहिल्या तीन संकरांना मंजुरी मिळाली. पुढे काही वर्षे आम्ही एका बियाणे कंपनीत नोकरी केली. कंपनीचे नाव महत्त्वाचे नाही, कारण जे सांगतो आहोत ते एका कंपनीचे पाप नव्हे. धंद्याची रीतच ती आहे.

हंगाम संपला की चाचणीतले संकर निवडण्याची बैठक व्हायची. एका वर्षी चाचणीत एक झाड होते. कमरेएवढे, आटोपशीर, हलक्या जमिनीत १४५ दिवसांत हात झाडून मोकळे होणारे. आम्ही उत्साहाने त्याचे आकडे मांडले. विक्रीचे साहेब म्हणाले, "शिवारफेरीत शेजारच्या प्लॉटात छातीएवढी पऱ्हाटी उभी असेल, तिच्या बाजूला हे किरटे दिसेल. फोटो काय काढायचा?" बीजोत्पादनाचे साहेब म्हणाले, "मादी झाडाला फुले कमी, बोंडात दाणे कमी. बीजोत्पादक शेतकरी हा प्लॉट घेणार नाही. घेतलाच तर बियाणे महाग पडेल." वितरणाचे साहेब म्हणाले, "हे फक्त विदर्भाच्या हलक्या जमिनीत चालणार. मला गुजरातपासून तेलंगणापर्यंत एकच पाकीट पाठवता आले पाहिजे." पाच मिनिटांत ते झाड बाद झाले. छातीएवढे, मोठ्या बोंडाचे, १८० दिवसांचे झाड पास झाले.

त्या बैठकीत कोणी लबाड नव्हते. जो तो आपापले काम चोख करत होता. पण त्या टेबलाभोवती एक खुर्ची नव्हतीच. ज्याच्या वावरात विहीर नाही, ज्याची जमीन वीतभर खोल आहे आणि ज्याचे पाणी हस्ताबरोबर संपते, त्या शेतकऱ्याची. आम्ही कृषी पदवीधर म्हणून तिथे होतो, पण पगार दुसऱ्या बाजूचा खात होतो. हे कबूल केल्याशिवाय पुढे लिहिण्याचा आम्हाला अधिकार नाही.

पेटंट नको, संकरच कुलूप

आता मूळ प्रश्नाला हात घालू. बीटी जनुक अमेरिकेत १९९६ साली शेतात आले. ऑस्ट्रेलियात त्याच वर्षी, चीनमध्ये १९९७ साली. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाने ते सरळ वाणात घातले, चीननेही फार मोठ्या भागात सरळ वाणातच. सरळ वाण म्हणजे ज्याची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरली तरी झाड तेच येते. जनुक जवळपास केवळ संकरित कपाशीतून विकले गेले ते आपल्याच देशात. असे का?

कपाशीचा संकर ही आपल्याकडचीच करामत. १९७० साली सुरत केंद्रावर डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा जगातला पहिला व्यापारी कापूस संकर दिला. १९७२ साली धारवाडहून वरलक्ष्मी आला. पुढे अकोल्याचा पीकेव्ही हायब्रीड-२ आणि नांदेडचा एनएचएच-४४ आपल्या वावरात पोचले. हे संशोधन सरकारी होते, हेतू उत्पादन वाढवण्याचा होता, आणि ओलिताखाली त्यांनी ते वाढवलेही. पण संकराला एक गुण असा आहे की तो शेतकऱ्याच्या उपयोगाचा नाही, विकणाऱ्याच्या मात्र सोन्यासारखा उपयोगी आहे. संकराची सरकी पेरली की पुढच्या पिढीत झाडे फुटतात, एक उंच, एक बुटके, एक वांझोटे. म्हणजे दरवर्षी नवे पाकीट घेणे भाग.

पहिल्या बीटी जनुकावर भारतात पेटंट नव्हते. देशात २००१ सालचा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. त्याच्या कलम ३९ प्रमाणे शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि ब्रँड न लावता विकण्याचाही हक्क आहे. जगात फार थोड्या देशांनी शेतकऱ्याला एवढा हक्क दिला. पण जनुक संकरात घातले की हक्क कागदावर राहतो. कोर्टात जायला नको, पोलीस नकोत. बियाण्यातच कुलूप बसवलेले आहे.

सुरुवातीच्या वर्षांत पाकीट सोळाशे रुपयांच्या घरात होते आणि त्यातले बाराशेहून अधिक तंत्रज्ञानाचे मूल्य म्हणून जात होते. २००६ साली आंध्र सरकारने दाद मागितली तेव्हा भाव साडेसातशेवर आले. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा बियाण्याचा नव्हताच, कुलपाचा होता. पुढे केंद्राने भाव बांधले आणि २०२० साली तंत्रज्ञान मूल्य शून्यावर आणले. कुलपाचे भाडे बंद झाले. कुलूप मात्र जागेवरच आहे.

एका पाकिटात दाणे किती?

हे कुलूप फक्त खिशाला बसले असते तर आम्ही एवढा शाई-कागद खर्च केला नसता. ते झाडाच्या बांध्याला बसले आहे. ते कसे, हे मोजून पाहा.

यंदा पाकीट फोडाल तेव्हा दाणे मोजा. साधारण पाच ते सहा हजार भरतील. एकराचे क्षेत्र ४३,५६० चौरस फूट. चार फूट बाय दोन फूट टोबले तर ५,४४५ ठिकाणे होतात. बरोबर एक पाकीट! हा योगायोग समजू नका. पाकिटाचे वजन, पाकिटाची किंमत आणि झाडातले अंतर एकमेकांना धरून बसवलेले आहे.

आता कोरडवाहू जमिनीला काय हवे ते पाहू. तीन फुटांवर ओळ आणि ओळीत सहा इंचांवर झाड धरले तर एकरी २९,०४० झाडे बसतात. २०२५ च्या हंगामात ४७५ ग्रॅमच्या पाकिटाचा बांधलेला कमाल भाव ९०१ रुपये होता. एका ठिकाणी एकच दाणा टोबला तरी पाच-सहा पाकिटे, म्हणजे साडेचार ते साडेपाच हजार रुपये एकरी नुसते बियाणे. पूर्वी आपले वडील तिफनीने एकरी पाच किलो सरकी पेरत आणि मग विरळणी करत. त्या भावाने ते पाच किलो साडेनऊ हजाराला पडतात. तेव्हा दाट पेरणीचा सल्ला कितीही खरा असला तरी या पाकिटातून तो परवडणे कठीण आहे.

समजा, एकरी आठ क्विंटल कापूस हवा. बोंडाला चार ग्रॅम धरा. दोन लाख बोंडे लागतील. साडेपाच हजार झाडे असतील तर प्रत्येक झाडाने सदतीस बोंडे पोसली पाहिजेत. एकोणतीस हजार झाडे असतील तर प्रत्येकी फक्त सात. सात बोंडांचे काम थोड्या आठवड्यांत आटोपते. सदतीस बोंडांसाठी झाडाला फांद्या फोडाव्या लागतात, आडवे वाढावे लागते, महिनोन्‌महिने फुलावे लागते. ज्याच्याकडे ओलीत आहे त्याला हे जमते. ज्याची जमीन हलकी, त्याची पहिली वीस बोंडे पावसावर पोसली जातात आणि उरलेली ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या कोरड्या भेगांवर. मग पाती गळते, बोंड खारकेएवढे राहते, आणि लोक म्हणतात शेतकऱ्याला शेती करता येत नाही!

बियाणे महाग, म्हणून अंतर वाढले. अंतर वाढले, म्हणून झाड मोठे करावे लागले. झाड मोठे, म्हणून मुदत लांबली. मुदत लांबली, म्हणून पीक पावसाच्या बाहेर गेले. वावरात जे उभे आहे त्याचा आराखडा असा काउंटरवर ठरला आहे.

हाताने बनलेले बियाणे

बियाणे महाग का, याचेही उत्तर ऐका. सगळा नफाच आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्वारीच्या संकरात मादी ओळ नपुंसक असते, वारा परागकण वाहून नेतो आणि बियाणे स्वस्तात तयार होते. कपाशीत बहुतेक काम हाताने करावे लागते. संध्याकाळी उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर नखाने काढायचे, सकाळी नर फुलाचे पराग त्यावर घासायचे. एकेका फुलाला असे. एका पाकिटामागे शेकडो फुले. हे काम आंध्र-तेलंगण आणि गुजरातच्या ओलिताच्या प्लॉटांत चालते, आणि बरीच वर्षे ते लहान मुलींच्या बोटांनी झाले, हे अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे. आपल्या पाकिटात ती मजुरी आहे.

याचाच दुसरा परिणाम असा की कोणते मादी झाड निवडायचे ते ओलिताच्या प्लॉटात ठरते. ज्याला भरपूर फुले, ज्याच्या बोंडात भरपूर दाणे, ते झाड बीजोत्पादनाला चांगले. बरडात तग धरते का? पानावर लव आहे का, म्हणजे तुडतुडा कमी बसेल? हे प्रश्न दुसऱ्या फळीत जातात. तुडतुड्यासाठी बियाण्याला रंगीत औषध चोपडले की झाले. औषध महिना-दीड महिना टिकते. त्यानंतर फवारा आहेच, आणि तो त्याच दुकानात मिळतो.

अळीने हिशेब मांडला

बीटीने काहीच दिले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. अमेरिकन बोंडअळीने १९९० च्या दशकात आपल्याला रडवले होते. पहिली काही वर्षे बीटीने तिला रोखले, फवारे कमी झाले. जनुकाने काम केले. घोटाळा जनुक ज्या गाडीत घातले त्या गाडीत होता.

संकरात जनुक सहसा एकाच पालकाकडून येते. म्हणून बोंडात जी सरकी तयार होते, त्यात एक जनुक असेल तर दर चार दाण्यांत एक दाणा जनुकाशिवायचा असतो. दोन जनुकांच्या बीजी-२ मध्ये सोळात एक दाणा पूर्ण मोकळा आणि सहा दाण्यांत एकेकच जनुक. शेंदरी बोंडअळी बोंडात शिरून सरकीच खाते. तिला एकाच ताटात विषाचा, अर्ध्या विषाचा आणि बिनविषाचा घास मिळाला. अर्धवट औषध घेतले की रोग चिवट होतो, हे गावातला डॉक्टरही सांगतो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. केशव क्रांती यांनी हे वारंवार मांडले आहे. सरळ वाणात दोन्ही बाजूंनी जनुक असते, म्हणून हा प्रकार होत नाही.

त्यात मुदत लांब. शेंदरी अळी थंडीच्या सुमाराची. नोव्हेंबर-डिसेंबरात तिला हिरवे बोंड पाहिजे, आणि आपण १८० दिवसांचे झाड उभे करून, वर फरदड ठेवून, तिची पंगत जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालवली.

अळीला प्रतिकार येऊ नये म्हणून पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर बीटीची वेगळी पुडी दिली जात होती. कडेने पाच ओळी लावा, म्हणाले. किती जणांनी लावली? हात वर करा! पाच एकरवाल्याला सांगितले की एक एकर अळीला दे, आणि पुडीत कोणता वाण, किती दिवसांचा, हे सांगितले नाही. पुडी धुऱ्यावर गेली. ही पुडी शेतकऱ्याच्या सोयीने बनलीच नव्हती, मंजुरीच्या कागदाची अट पुरी करायला बनली होती. शेवटी ती बंद करून पाच ते दहा टक्के बिगर बीटी दाणे पाकिटातच मिसळू लागले. तोवर उशीर झाला होता.

गुजरातेत पहिल्या बीटीला शेंदरी अळीने दाद देणे बंद केल्याचे २०१० साली जाहीर झाले. बीजी-२ ची तीच गत २०१४-१५ च्या सुमारास दिसली. आणि २०१७ साली ती आपल्या वावरात पोचली. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर मेले. पऱ्हाटी पुरुषभर उंच होती, नोझल डोक्यावर धरून फवारावे लागत होते, औषध तोंडावर येत होते. कारणे अनेक होती, पण झाडाची उंची हेही त्यातले एक होते. झाडाची उंची कुठे ठरली होती, ते वर सांगितले आहे.

ज्वारी आणि मँचेस्टर

ही रीत आजची नाही आणि कपाशीपुरतीही नाही. १९६४ साली सीएसएच-१ आली आणि हायब्रीड ज्वारीचे युग सुरू झाले. दाण्याचा उतारा वाढला, दुष्काळाच्या वर्षांत पोटाला आधार मिळाला, हे विसरून चालणार नाही. पण मोजले काय? फक्त दाण्याचे क्विंटल. कडबा कोणी मोजला नाही, कारण बियाणे दाण्याच्या आकड्यावर विकायचे होते. गावरान ज्वारी उंच, कडबा भरपूर, आणि पाऊस सरल्यावर निसवणारी, म्हणून दाणा मोत्यासारखा. हायब्रीड बुटकी, लवकर येणारी, कणीस पावसात सापडले की दाणा काळा. काळ्या ज्वारीला भाव नाही, कडबा पुरत नाही, मग बैल विकले, बैल विकले म्हणून शेणखत गेले. विद्यापीठाच्या वहीत मात्र उत्पादन वाढलेलेच होते.

त्याच्याही आधी, अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. इंग्रजांची नजर वऱ्हाड आणि शेजारच्या हिंगणघाटकडे वळली. पुढे आपला जिल्हा वणीच्या नावाने ओळखला जाऊ लागला. यवतमाळ हे नाव १९०५ साली आले. साहेबाची तक्रार एकच, धागा आखूड आहे. धागा आखूड कोणाला? त्याच्या यंत्राला! यंत्र अमेरिकेच्या कपाशीवर बेतलेले होते. यंत्र बदलण्यापेक्षा वऱ्हाडची पऱ्हाटी बदलणे साहेबाला सोपे वाटले. तेव्हापासून आपल्या झाडाचे माप कोणी ना कोणी बाहेरचा घेत आला आहे. कधी गिरणी, कधी दुकान.

दुसरी बाजू

सभेत आम्ही हे बोललो की तीन आक्षेप हमखास येतात. ते खोटे नाहीत, म्हणून उत्तर देतो.

पहिला, बोंड लहान असले तर वेचणी महाग पडते. खरे आहे. मजूर किलोवर वेचतो आणि त्याला मोठे बोंड हवे असते. पण लांब मुदतीच्या झाडाला वेचे जास्त लागतात, आणि शेवटच्या वेच्यांत किडका, पिवळा कापूस निघतो. आटोपशीर झाड थोड्या वेच्यांत मोकळे होते आणि रब्बीच्या हरभऱ्याला वावर सापडते. दोन्ही खर्च आपल्याच वावरात मांडून पाहा. दुकानदाराला विचारू नका, आमच्यावरही भरवसा ठेवू नका.

दुसरा, सरळ वाणात बीटी नसेल तर अमेरिकन अळी खाईल. त्यालाही उत्तर आहे. पीकेव्ही ०८१, रजत, सूरज यांसारख्या सरळ वाणांत पहिले बीटी जनुक घालून केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बीटी वाण तयार केले आहेत. त्याआधी २००९ साली बिकानेरी नरमा बीटी हा सरकारी सरळ वाण बाजारात आला होता. त्यात खासगी कंपनीच्या जनुकाची भेसळ निघाली आणि विक्री थांबवावी लागली. तो सरकारी संशोधनाचा नाकर्तेपणा होता, आणि त्याची किंमत शेतकऱ्याने मोजली.

तिसरा, संकराचे उत्पादन जास्त असते. विहिरीवर, खोल काळ्या जमिनीत असू शकते. ज्याला परवडते त्याने संकर जरूर लावावा. कोणाच्याही हातातले पाकीट हिसकावणे हे आमचे काम नाही. आमचे म्हणणे एवढेच की कोरडवाहू शेतकऱ्यासमोर दुसरा पर्याय ठेवलेलाच नाही. २०१२ पर्यंत हजाराहून अधिक बीटी संकरांना मंजुरी मिळाली होती. हजार नावे, हजार चित्रे! हॉटेलात पन्नास प्रकारचे चहा आहेत आणि पाणी मागितले तर मिळत नाही, अशी ही निवड.

पर्याय का ठेवला नाही? कारण सरळ वाणाचे बियाणे एकदा विकले की गिऱ्हाईक तीन-चार वर्षे परत येत नाही. त्यात कोणाला कमाई नाही. कंपनीने ते काम करावे अशी अपेक्षा ठेवणे भाबडेपणाचे. पण ज्यांचा पगार आपल्या करातून होतो त्या विद्यापीठांनी, संशोधन संस्थेने आणि महाबीजने हे काम करायचे नाही तर कोणी? कागदावर वाण आहे, दुकानाच्या फळीवर नाही. पोचत नाही ते बियाणे शेतकऱ्याच्या दृष्टीने जन्मलेलेच नाही.

आता काय करायचे?

या बैठकीत चार गोष्टींवर ठराव व्हावा, अशी आमची सूचना आहे.

एक, प्रत्येक पाकिटावर ठळक मराठीत छापले जावे की हा वाण कोरडवाहूत किती दिवसांत संपतो, कोणत्या जमिनीत तपासला, आणि त्या जमिनीत किती पिकला. औषधाच्या बाटलीवर विषाचा त्रिकोण छापता येतो, तर पाकिटावर चार ओळी छापायला अडचण कसली?

दोन, महाबीज आणि कृषी विद्यापीठाने कमी मुदतीच्या सरळ बीटी वाणांचे बियाणे किलोच्या हिशेबाने, एकरी पाच किलो पेरता येईल अशा भावात, मृगाच्या आधी तालुक्याला पोचवावे. किती क्विंटल पोचवणार, हा आकडा त्यांनी लेखी द्यावा.

तीन, तालुक्यात दर मंडळात विहीर नसलेल्या शेतकऱ्याच्या वावरात तुलनेचे प्लॉट लावावेत. पोळ्याला एकदा आणि उलंगवाडीला एकदा सर्वांनी मिळून पाहावेत. मोजणी आपण करू. एकरी उतारा, एकरी खर्च, वेचे किती, कडेला हरभरा निघाला की नाही, हे सगळे मोजू. झाड किती उंच दिसले, हे मोजायचे नाही.

चार, ही आपल्या स्वतःसाठी. फरदड ठेवायची नाही, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटायची. ज्यांना सरळ वाण मिळेल त्यांनी बियाण्याचा कापूस वेगळा वेचायचा आणि वेगळाच रेचायचा. जिनात सरकी एकदा मिसळली की वाण गेला. गावात पाच जणांनी मिळून एक बियाण्याचा तुकडा राखावा. दुसऱ्या कपाशीपासून दूर राखावा, कारण मधमाशी धुरा ओळखत नाही.

आणि तोवर दुकानात जाल तेव्हा बैल पाहता तसे पाहा. पाच प्रश्न विचारा. हा किती दिवसांचा? हलक्या जमिनीत कोणाच्या वावरात लागला होता, त्याचे गाव सांगा. पाच-सहा पाकिटे न घेता तो दाट लावता येईल का? पानावर लव आहे का? याची सरकी पुढच्या वर्षी पेरता येईल का? दुकानदाराला उत्तरे येणार नाहीत. त्यात त्याचा दोष नाही, त्यालाही कोणी सांगितलेले नसते. पण शंभर शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात हेच पाच प्रश्न विचारले तर दुकानदार वितरकाला विचारील, वितरक कंपनीला विचारील, आणि ज्या टेबलाभोवती आपली खुर्ची नव्हती त्या टेबलावर आपला प्रश्न तरी जाऊन बसेल.

शिंपी वाईट नसतो. समोर उभा असेल त्याचेच माप तो घेतो. इतकी वर्षे त्याच्यासमोर विकणारा उभा होता. यंदा आपण उभे राहू.